फ्लॉरेन्सच्या भिंतींवरची अक्षरे

२०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे इटलीला गेलो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मिलानला नोकरी करतो. "खाला, खालू, एकदा याच," असे तो चार वर्षे म्हणत होता. आधी कोरोना आला. मग २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला आणि वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात पंख्यापर्यंत चढले. चिखल उपसण्यात, भिंती वाळवण्यात वर्ष गेले. शेवटी हे म्हणाले, "आता जाऊन येऊ. नाहीतर उरलेलं आयुष्य भिंतीच रंगवत बसू."

निघण्याआधी मोठ्या दिरांना फोन केला. फ्लॉरेन्सचे नाव ऐकून ते म्हणाले, "अगं, तिथं सगळे पुतळे, चर्च आणि उघड्यानागड्या तसबिरी. मुसलमानानं तिथं काय पाहायचं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. मला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मी सामानाबरोबर घेऊन गेले.

मिलानहून जलद रेल्वेने दोन तासांत फ्लॉरेन्स येते. इटालियन माणसे त्याला फिरेन्झे म्हणतात. शहराचा जुना भाग एवढा लहान, की आमच्यासारखी साठी ओलांडलेली माणसेही तो पायी पाहू शकतात. मधून आर्नो नदी वाहते. आम्ही गेलो तेव्हा ती आटलेली, हिरवट आणि शांत होती. हे पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाले, "आपली वाशिष्ठीपण मे महिन्यात अशीच गरीब दिसते."

घुमट आणि दरवाजा

शहरात कुठेही उभे राहा, विटांचा तांबडा घुमट दिसतोच. चौदाव्या शतकातच या मुख्य चर्चच्या भिंती वर गेल्या होत्या, पण वरचे सुमारे ४५ मीटर रुंदीचे भगदाड कसे झाकायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. एवढ्या उंचीवर आधाराला लाकडी सांगाडा उभारायचा, तर तेवढे लाकूड आणायचे कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या सोनाराने सांगितले, सांगाड्याशिवाय बांधतो. काम १४२० मध्ये सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. एकात एक अशी दोन कवचे, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, म्हणजे चुना ओला असतानाही घसरू नयेत. चाळीस लाखांवर विटा लागल्या. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. भाचा चढून गेला. आम्ही खाली बाकावर बसून विजापूरच्या गोल घुमटाच्या आठवणी काढल्या. तो याच्यानंतर दोनशे वीस वर्षांनी, १६५६ मध्ये पुरा झाला. तिथे शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा मुलींनी कुजबुजीच्या सज्जात एकमेकींची नावे घेऊन धमाल केली होती.

चर्चसमोर एक अष्टकोनी जुनी इमारत आहे. तिच्या पूर्वेकडच्या सोनेरी दरवाजापुढे माणसांची एवढी गर्दी, की आधी वाटले अपघात झाला असावा. लोरेन्झो गिबेर्ती या कारागिराने हा दरवाजा १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे घडवला. बाहेर आहे ती प्रतिकृती. मूळ दरवाजा जवळच्या संग्रहालयात काचेमागे ठेवला आहे. त्याच्यावर ब्राँझचे दहा चौकोन, आणि प्रत्येकात एक कथा.

मी पहिल्या चौकोनापुढे उभी राहिले आणि चकित झाले. हज. आदम आणि हव्वा. पुढे हाबील आणि काबील. मग हज. नूह, हज. इब्राहीम, हज. याकूब, हज. यूसुफ, हज. मूसा, हज. दाऊद आणि शेवटी हज. सुलेमान (अ.स.) यांच्या भेटीला आलेली सबाची राणी. मध्ये एक यूशांचाही. लहानपणी अब्बा रात्री कंदिलाच्या उजेडात 'कससुल अंबिया' सांगत, तीच सगळी नावे. तपशील वेगळे आहेत, आणि पैगंबरांच्या आकृती घडवणे आपल्याकडे मान्य नाही, ते वेगळेच. पण या दूरच्या गावात मला कुणी वाटाड्या लागला नाही. भाच्याला मीच एकेक कथा सांगत गेले. शेजारची दोन गोरी माणसे माझ्या हातवाऱ्यांकडे पाहून सरकत सरकत आमच्याबरोबर पुढे आली.

याच गिबेर्तीविषयी एक गोष्ट मला तिथे कळली. त्याने उतारवयात कलेवर टिपणे लिहिली. डोळ्याला दिसते कसे, प्रकाश कसा चालतो, लांबची वस्तू लहान का वाटते, हा भाग लिहिताना त्याने मोठा आधार घेतला तो इब्न अल-हैसम यांच्या 'किताब अल-मनाझिर'चा. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा आपला विद्वान चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला होता. त्याचे पुस्तक अरबीतून लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून इटालियनमध्ये आले होते. त्या ब्राँझच्या चौकोनांत पुढची माणसे उठावदार आणि मागची डोंगरझाडे पुसट होत गेलेली दिसतात. त्या खोलीमागे जे गणित आहे, त्याच्या मुळाशी अरबी ग्रंथाचे पान आहे.

न वाचता येणारी अक्षरे

दुसऱ्या दिवशी उफित्सी. १५६० मध्ये ही इमारत सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली, म्हणून नाव 'उफित्सी', म्हणजे कचेऱ्या. मेदिची हे इथले सावकार घराणे, पुढे राजे झाले. त्यांचा चित्रसंग्रह इथे आहे. काही दालनांतून मी नजर खाली घालून भराभर पुढे गेले, हे कबूल करते. काही ठिकाणी मात्र पाय हलेनात.

असेच एक चित्र जेन्तिले दा फाब्रियानोचे, १४२३ सालचे. तीन राजे बाळ ईसा (अ.स.) यांना भेटायला आले आहेत. घोडे, बिबटे, माकडे, जरीची वस्त्रे, सगळीकडे सोने. बीबी मरियम यांच्या डोक्यामागे सोन्याचे वलय आहे. भाचा म्हणाला, "खाला, त्या वलयाकडे नीट बघ." मी चष्मा पुसला. गोल फिरत गेलेली अक्षरे होती. अलिफ, लाम यांसारखे उभे दांडे, खाली वाटोळी वळणे. अरबी! मी वाचायला लागले. एक अक्षर लागल्यासारखे वाटले, पुढचे लागेना. उजवीकडून वाचले, मान वाकडी करून वाचले. काहीच लागेना.

कारण त्यात वाचण्यासारखे काही नाही. चित्रकाराला अरबी येत नव्हते. त्या काळी मिसर आणि शामहून इथे रेशीम येई, कोरीव पितळेची ताटे येत, आणि त्यांवर अरबी मजकूर असे. फ्लॉरेन्सने १४२२ मध्ये कैरोच्या सुलतानाकडे व्यापारासाठी वकील पाठवले होते. हे चित्र त्यानंतर वर्षभरातच पुरे झाले. ती अक्षरे पवित्र भूमीकडून येतात, सुंदर दिसतात, एवढेच इथल्या लोकांना ठाऊक. म्हणून त्यांनी आपल्या सर्वांत आदराच्या व्यक्तीच्या मस्तकामागे ती काढली. अर्थ कुणी विचारला नाही. शहरातल्या इतर जुन्या चित्रांतही वस्त्रांच्या काठांवर अशीच खोटी अक्षरे दिसतात.

मला आधी हसू आले. मग ते मावळले. आमच्या दिवाणखान्यात मखमलीवर सोनेरी धाग्यांनी विणलेली आयत टांगलेली आहे. सासूबाईंनी हजहून आणलेली. पाहुणे येतात, "माशाअल्लाह, काय सुंदर," म्हणतात. तिचा अर्थ आमच्या घरात किती जणांना सांगता येईल? मी स्वतः पस्तीस वर्षे त्या भिंतीखाली बसून चहा प्यायले. मला अक्षरे वाचता येतात, एवढाच त्या चित्रकारात आणि माझ्यात फरक.

या विचाराने जड झालेले मन नदीकाठच्या विज्ञान संग्रहालयात थोडे हलके झाले. तिथे गॅलिलिओच्या दुर्बिणी आहेत. पण मला जे पाहायचे होते ते होते पितळेचे एक छोटे खगोल. अंदलूसच्या वालेन्सिया शहरात इब्राहीम इब्न सईद अस-सहली यांनी अकराव्या शतकात बनवलेले. त्यावर तारे कोरलेत आणि त्यांची नावे अरबीत आहेत. इथली अक्षरे खरी. ती ज्याने कोरली त्याला आकाशही वाचता येत होते. याच शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 'शाहनामा'ची इसवी सन १२१७ ची हस्तलिखित प्रत आहे. तारीख असलेली त्याहून जुनी प्रत जगात कुठे सापडलेली नाही. आणि मेदिची घराण्यातल्या फर्दिनान्दोने रोममध्ये काढलेल्या छापखान्यात १५९३ मध्ये इब्न सीना यांचा 'अल-कानून' हा वैद्यकाचा ग्रंथ अरबीतच छापला गेला.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. दान्ते हा इथला महाकवी. त्याने आपल्या काव्यात आपल्या प्रेषितांबद्दल (स.) जे लिहिले, ते कोणाही मुसलमानाच्या काळजाला लागेल. त्याच काव्यात इब्न सीना, इब्न रुश्द आणि सुलतान सलाहुद्दीन यांना मात्र त्याने यातना नसलेल्या, मानाच्या जागी बसवले आहे. ज्यांच्याकडून शिकायचे त्यांचाच द्वेष करायचा, ही माणसाची जुनी खोड आहे, आणि ती एकाच धर्माच्या लोकांत असते असेही नाही.

दावीदच्या पुतळ्याचे काय, असे तुम्ही विचाराल. २६ वर्षांच्या मायकेलअँजेलोने १५०१ मध्ये, दुसऱ्यांनी बिघडवून टाकून दिलेल्या संगमरवराच्या शिळेतून तो घडवायला घेतला. उंची पाच मीटरांहून जास्त. दाऊद (अ.स.) आपले पैगंबर, आणि त्यांच्या नावाने हा विवस्त्र पुतळा. आम्ही तिकीट काढले नाही. पण त्याची प्रतिकृती चौकात उघड्यावरच उभी आहे, ती चुकवता येत नाही. मी फक्त त्याचा हात पाहिला. दगडातून शिरा उठल्या आहेत. अल्लाहतआलाने माणसाचा नुसता हात किती बारकाईने घडवला आहे, हे एका दगडाने मला दाखवले. एवढे घेऊन मी पुढे झाले.

जुम्याची नमाज

शुक्रवारी नमाजला कुठे जायचे? सांता क्रोचे चर्चच्या पलीकडे एक चौक आहे. तिथे कमानींचा लांबट मंडप आहे, वर मासे आणि खेकडे कोरलेले. सोळाव्या शतकातला हा मासळीबाजार, पूर्वी शहराच्या मध्यात होता, तिथून काढून इथे आणून उभा केला. कोकणच्या माणसाला याहून चांगली खूण कोणती? त्याच चौकात तळमजल्यावरच्या साध्या जागेत मशीद होती. घुमट नाही, मीनार नाही. दाराबाहेर चपलांची रास दिसली तेव्हाच खात्री पटली.

बायकांची खोली लहान होती. सेनेगलच्या दोघी, मोरोक्कोच्या काही, एक बांगलादेशी तरुणी तान्ह्या बाळासह. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती, सलाम सगळ्यांना येत होता. खुतबा आधी अरबीत झाला, मग इटालियनमध्ये. शेजारची मोरोक्कन मुलगी, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, अरबी भागात शांत बसली होती. इटालियन सुरू होताच ती पुढे सरकून ऐकू लागली. नंतर मोडक्या इंग्रजीत मी विचारले, तर म्हणाली, "माझा जन्म इथला. मी विचार इटालियनमध्ये करते. मनात शिरायचं तर याच भाषेतून शिरतं."

मला अब्बा आठवले. ते मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर रोज फजरनंतर एकेका सूरहचा अर्थ ते मराठीत वहीत उतरवून काढत. उर्दू तर्जुमे समोर ठेवून, शब्द शोधत. आम्ही भावंडे म्हणायचो, "अब्बा, छापील तर्जुमे मिळतात की." ते म्हणायचे, "छापील आहे ते सगळ्यांसाठी. हे तुमच्यासाठी, आपल्या घरच्या भाषेत." अशा नऊ वह्या होत्या. माझ्याकडे होत्या. खालच्या कपाटात.

पाणी इथवर आले होते

त्या चौकातून परतताना एका गल्लीत भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, संगमरवराची पट्टी दिसली. भाच्याने वाचून दाखवले : ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचे पाणी इथवर आले होते. जवळच दुसरी पट्टी, थोडी खाली. तिचे साल १३३३. तारीख तीच, ४ नोव्हेंबर. हे काही बोलले नाहीत. हात वर करून उंची मोजत उभे राहिले. ज्याच्या घरात पाणी शिरले आहे, तो अशा पट्टीसमोरून तसाच पुढे जाऊ शकत नाही.

१९६६ च्या त्या पुरात सांता क्रोचेच्या भागात पाणी सहा मीटरांवर चढले. त्या ब्राँझच्या दरवाजाच्या दहा चौकोनांपैकी पाच निखळून पडले. राष्ट्रीय ग्रंथालयाचे दहा लाखांवर ग्रंथ आणि कागद चिखलात बुडाले. त्यात रॉकेलसारखे तेलही मिसळलेले. तेव्हा देशोदेशीची तरुण मुले आपणहून आली. तळघरातून माणसांची रांग लावून एकेक ग्रंथ हातोहात वर दिला. शहराने त्यांना 'चिखलातले फरिश्ते' म्हटले. पाने वेगळी केली, पुसली, शोषकागद घातले, तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत नेऊन वाळवली. सांता क्रोचेत वासारीचे लाकडी फळ्यांवरचे एक मोठे चित्र बारा तासांवर पाण्याखाली होते. रंग गळू नये म्हणून त्याच्यावर पातळ कागद चिकटवून ते तसेच ठेवून दिले. त्याला कसे वाचवायचे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे ते वाट पाहत पडले होते. २०१६ मध्ये, पुराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ते पुन्हा भिंतीवर लागले.

मी त्या चित्रापुढे उभी राहिले आणि मला रडू आवरेना. ह्यांना वाटले, थकले असेन. मी काय केले होते? पूर ओसरल्यावर अब्बांच्या वह्या विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या. त्यांत पवित्र शब्द आहेत, रस्त्यावर कचऱ्यात जाऊ नयेत, म्हणून आठ वह्या अदबीने कबरस्तानात दफन केल्या. दीनच्या दृष्टीने त्यात काही चुकले नाही. पण त्या वाळवून पाहाव्यात, असे कुणाच्या मनातही आले नाही. आमच्या गावचे दीडशे वर्षांचे वाचनालयही २००५ च्या पुरात बुडाले होते. तरी आम्ही पुस्तके खालच्याच कपाटात ठेवत राहिलो.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

कुणी जाणार असेल तर चार गोष्टी सांगते. खाण्याआधी 'सेन्झा मायाले, सेन्झा अल्कोल' एवढे म्हणावे, म्हणजे डुकराचे मांस नको, दारू नको. ब्रेडमध्ये कधी 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी असते, आणि आइस्क्रीमच्या काही प्रकारांत दारू असते. विचारून घ्यावे, लोक रागावत नाहीत. रेल्वे स्टेशनच्या आसपास बांगलादेशी आणि पाकिस्तानी भावांची हलाल हॉटेले आहेत. 'रिबोल्लीता' म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजीचे घट्ट सूप. ते बहुधा शाकाहारी असते, तरी विचारावे. इथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नसतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आपल्या ओढणीची तिथे कधी नव्हे ती सोय होते. आणि एक मोठी सोय : १९७५ पासून इटलीत घरांच्या न्हाणीघरात पाण्याने स्वच्छतेसाठी बिदे बसवणे कायद्याने सक्तीचे आहे. टमरेल शोधत फिरावे लागत नाही. उफित्सी सोमवारी बंद असते, आणि तिकीट आधी काढून ठेवलेले बरे.

घरी आल्यावर दिरांना भेटायला गेले. त्यांनी विचारले, "मग, काय पाहिलंस?" मी म्हटले, "दादा, आपलीच हरवलेली चीज पाहिली. आणि आपण ती कशी हरवतो तेही पाहिलं."

नववी वही माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत राहिली होती. पुरानंतर कुणीतरी घाईत तिथे टाकली असावी. ती काढली. पातळ सुरीने, दिवसाला दोन-तीन पाने, मध्ये टिश्यू कागद घालत मी ती उघडते आहे. निम्म्या पानांवर शाई पसरून नुसते निळे डाग उरलेत. ३४ पाने वाचता येतात. नात ती संगणकावर उतरवून घेते, आणि एखादा शब्द अडला की विचारते, "नानी, पणजोबांना इथं काय म्हणायचं होतं?" मग आम्ही दोघी शोधत बसतो. मखमलीवरच्या त्या आयतीचा अर्थही तिने शोधून काढला आणि छान मराठीत लिहून चौकटीखाली लावला आहे. परवा पाहुणे आले तेव्हा त्यांनी आधी तो वाचला.

तुमच्या घरात कुणाच्या अशा वह्या, पत्रे, हिशेबाचे जुने कागद असतील, तर एवढे करा. आज त्यांना वरच्या फळीवर ठेवा. आणि उद्या त्यातले एक पान उघडून मुलांना वाचून दाखवा.